रिकाम्या खोल्यांचा इतिहास: कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरचा स्वस्त मुक्काम

समुद्रावर जायचं ठरलं की आपल्या घरात पहिला प्रश्न निघतो तो राहण्याचा. गाडीचं तिकीट किती, हे साधारण माहीत असतं. जेवणाचं कसंही निभतं. पण ‘खोली किती पडेल?’ यावर अख्खा बेत ठरतो किंवा मोडतो. मग कोणीतरी सांगतं, अमक्या गावात एकांच्या घरी सोय होते, माणशी एवढे, त्यात चहा-नाश्ता, दोन वेळचं जेवण. आणि आपण निघतो.

आजच्या व्याख्यानात आपण विचारणार आहोत की ही स्वस्त खोली आली कुठून? मूळ धंदा पाहुण्यांना खोल्या देण्याचा नसताना कोकणातल्या, गोव्यातल्या इतक्या घरांत द्यायला जागा होती कशी? आमचं म्हणणं थोडक्यात असं आहे, की किनाऱ्यावरची स्वस्त खोली ही घरातून निघून गेलेल्या माणसांची जागा आहे. आणि ती स्वस्त राहिली ती घरात मागे राहिलेल्या बायकांच्या कष्टांवर.

आधी एक लक्षात घेऊ. समुद्र पाहायला म्हणून मुक्कामाला जाणं ही आपल्याकडे जुनी गोष्ट नाही. उन्हाळ्यात साहेब महाबळेश्वरला, माथेरानला जायचा. मे महिन्यात घामाच्या धारा लागतात अशा किनाऱ्यावर तो कशाला येईल? आपल्या लोकांचं किनाऱ्यावर जाणं व्हायचं ते देवासाठी नाहीतर गावासाठी. हरिहरेश्वरला श्राद्धविधीसाठी आलेला यजमान उपाध्यायांच्या घरी उतरायचा, तिथेच जेवायचा आणि निघताना दक्षिणा ठेवायचा. खोलीचं भाडं असा शब्द त्यात नव्हता. पण अनोळखी माणसाला घरात उतरवून घेण्याची, त्याचं पान मांडण्याची सवय तिथली आहे. गणपतीपुळ्याला आज भक्तनिवास आहे, तो याच परंपरेतला.

दुसरा प्रवासी म्हणजे चाकरमानी. तो मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसायचा आणि हर्णै, जयगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला असं आपापल्या बंदराला उतरायचा. पावसाळ्यात ही वाहतूक बंद. हा माणूस उतरायचा स्वतःच्या घरी. त्याला लॉज कशाला लागणार? म्हणून आपल्या किनाऱ्यावर लॉज फार उशिरा आले.

आता या चाकरमान्याची मुंबईतली सोय पाहू, कारण गंमत तिथेच आहे. गिरणगावात रत्नागिरीच्या गावागावांच्या खोल्या होत्या. एका खोलीत एका गावचे पुरुष दाटीवाटीनं राहायचे, पाळीप्रमाणे आळीपाळीनं झोपायचे. जेवायचे खानावळवाल्या बाईकडे, महिन्याच्या हिशोबानं. या खानावळवाल्या बायका बहुतेक गिरणी कामगारांच्याच घरच्या. सावकाराच्या कर्जात अडकलेल्या याच बायकांना घेऊन प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गोव्याच्या लोकांची सोय अशीच होती. धोबीतलाव, गिरगाव, माझगाव या भागांत गोव्याच्या गावांच्या ‘कुडी’ होत्या. जहाजावर काम लागेपर्यंत खलाशी आपल्या गावच्या कुडीत पेटी टाकून राहायचा, नाममात्र पैशात.

म्हणजे बघा, कोकणी आणि गोवेकर माणसानं आधी शहरात स्वस्त मुक्काम शोधला. गावची ओळख आणि बाईच्या हातचं जेवण, या दोन गोष्टींवर तो उभा होता. पुढे शहराचा माणूस समुद्राकाठी स्वस्त मुक्काम शोधायला आला, तेव्हा त्यालाही याच दोन गोष्टी मिळाल्या. फक्त दिशा उलटी झाली.

पण मधे एक काम व्हायचं होतं, घरं रिकामी होण्याचं. कोकणात ते अनेक अंगांनी झालं. १९४९ च्या कायद्यानं खोती गेली. कूळकायद्यानं शेतजमीन कुळांकडे गेली. १ एप्रिल १९५७ हा त्यातला कृषक दिन. खोतांकडे आणि मोठ्या जमीनदारांकडे उरली ती राहती घरं आणि घरामागची नारळी-पोफळीची वाडी. त्यांची मुलं शिकून पुण्या-मुंबईला गेली. कुळांचीही मुलं गिरणीत गेलीच, कारण दोन-चार गुंठ्यांत पोट भरत नव्हतं. घर मोठं, ओटी-पडवी-माजघर-माळा सगळं जागच्या जागी, आणि राहायला दोन म्हातारी माणसं. पोस्टमन मनिऑर्डर घेऊन येईल तेव्हा चूल नीट पेटायची. या अर्थव्यवस्थेला आपण मनिऑर्डरची अर्थव्यवस्था म्हणतो. त्या घराच्या बंद खोल्याच पुढे ‘रूम’ झाल्या.

गोव्यात हे आधी घडलं. तिथला माणूस मुंबईला, आफ्रिकेला, जहाजांवर आणि पुढे आखातात गेला. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि त्याच दशकाच्या अखेरीस हिप्पी येऊ लागले. आधी कळंगुट, मग हणजूण, वागातोर. त्यांना हॉटेल नको होतं आणि परवडतही नव्हतं. अख्खा हिवाळा काढायचा तर घरच हवं. गावात कुलूप लावलेली घरं होती आणि भाड्याच्या चार पैशांची गरज असलेली माणसं होती. विहिरीचं पाणी, कंदिलाचा उजेड, हाकेच्या अंतरावर समुद्र. असा व्यवहार जमला. त्या पाहुण्यांच्या नग्नतेवर आणि नशेवर बोट ठेवून तो काळ निकालात काढायची आपल्याला सवय आहे. पण त्यांच्या भाड्याचा पैसा सरळ घरमालकिणीच्या हातात पडत होता, हेही इतिहासात लिहायला हवं.

पुढची पायरी मोठ्या हॉटेलांची. सत्तरच्या दशकात आग्वाद किल्ल्यापाशी पंचतारांकित हॉटेल उभं राहिलं. नोव्हेंबर १९८३ मध्ये राष्ट्रकुलाचे राष्ट्रप्रमुख विश्रांतीसाठी गोव्यात उतरले आणि गोव्याचं नाव जगभर गेलं. त्याच्या एक वर्ष आधी, १९८२ साली, पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा झाला होता. खोली भाड्यानं देणं आता सरकारदरबारी धंदा ठरलं. ऐंशीच्या दशकात परदेशातून चार्टर विमानं येऊ लागली. त्यांना विरोध करायला १९८७ मध्ये ‘जागृत गोंयकारांची फौज’ उभी राहिली. आमचं पाणी, आमचा किनारा कोणासाठी, हा त्यांचा प्रश्न होता. १९९१ मध्ये किनारा नियमनाची अधिसूचना निघाली आणि भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या बांधकामावर बंधनं आली. पाळोळ्यासारख्या ठिकाणी पावसाळ्याआधी उतरवून ठेवायच्या बांबूच्या झोपड्या दिसतात. स्वस्त मुक्कामाचा तो आणखी एक अवतार.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर हे सगळं वीस-पंचवीस वर्षं मागून आलं. पर्यटन विकास महामंडळ १९७५ चं. पण खरी धांदल नव्वदच्या दशकात. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये दिवेआगरला एका बागेत जमिनीखाली पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला. दर्शनाला येणाऱ्यांना जेवायला हवं, रात्र झाली तर राहायलाही. वाड्यांच्या फाटकांवर पाट्या लागल्या: ‘घरगुती जेवणाची व राहण्याची सोय होईल’. मार्च २०१२ मध्ये मुखवटा चोरीला गेला, पण तोवर समुद्रावर येणाऱ्यांची वाट रुळली होती. महामंडळाच्या ‘निवास व न्याहारी’ योजनेनं अशा घरांना कागदोपत्री नाव दिलं.

आता हिशोब मांडू. ही खोली हॉटेलपेक्षा स्वस्त का? घर आधीच बांधलेलं, वाडवडिलांचं. नवा खर्च म्हणजे एक संडास-बाथरूम आणि दोन पलंग. नारळ, कोकम, आंबा, फणस परसातला. मॅनेजर नाही, वाढपी नाही. मोदक वळणारी, सोलकढी करणारी, मासळी साफ करणारी, चादरी धुणारी घरचीच बाई. तिचा पगार दरात धरलेलाच नसतो. आपण ‘काय स्वस्तात सोय झाली’ म्हणतो, तेव्हा त्या स्वस्ताईचा मोठा वाटा हा असतो.

मग हे शोषणच का? आम्ही इतकं सरळ उत्तर देणार नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या भागात धडकलं आणि पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून फळाला यायला साधारण ५ ते ७ वर्षं जातात. तेवढी वर्षं घर कशावर चालायचं? छप्पर शाकारून एखादी खोली उभी करता येते आणि पुढच्या हंगामात तिचे पैसे येतात. ज्या घराचा आधार मनिऑर्डर होती, त्याला स्वतःच्या अंगणातून मिळकत झाली. आणि ती बऱ्याचदा बाईच्या हातात आली, हे छोटं नाही.

आज मात्र ही खोली दोन बाजूंनी कोंडीत आहे. एकीकडे पुढच्या पिढीतल्या मुली-सुनांना चार महिने चुलीपुढे उभं राहायचं नाही, आणि त्यांनी का राहावं? दुसरीकडे किनाऱ्यालगतची वाडी विकून तिथे बंगले उठताहेत. त्यांचे मालक शहरात आणि भाडं अॅपवरून. खोली तशीच दिसते, पण पैसा गावात थांबत नाही. बंगलेही वर्षातले कित्येक महिने रिकामे असतातच. फरक एवढा, की जुन्या रिकाम्या खोलीमागे गावातून गेलेला माणूस होता आणि या खोलीमागे गावात कधी न आलेला आहे.

तुमच्यातले बरेच जण विचारतील, मग आम्ही काय करायचं? इतिहासातून एवढं तर निघतं. शनिवार-रविवार, नाताळ आणि मे टाळला तर त्याच घरात दर उतरतो, कारण त्यांची खोली तेव्हा रिकामी पडते. पुळणीपासून दहा मिनिटं आत, मूळ वस्तीत विचारलं तर घरचं माणूस भेटतं. जेवणासकट दर विचारावा, आणि ठरला की त्यात घासाघीस करू नये. कारण आपण जे कमी करून घेतो, ते भिंतींच्या खर्चातून कमी होत नाही. ते स्वयंपाकघरातून कमी होतं.

आज इथेच थांबू. तुमच्या घरात, तुमच्या गावात ही पहिली पाटी कधी लागली आणि कोणाच्या आग्रहानं लागली, हे ज्यांना ठाऊक असेल त्यांनी प्रश्नोत्तरांत जरूर सांगावं. हा इतिहास अजून बराचसा घराघरांतल्या बायकांच्या आठवणींत आहे. तो आता लिहून घ्यायला हवा.