ट्रिस्टन द कून्या

दक्षिण अटलांटिक महासागरातील ब्रिटिश अंमलाखालील ज्वालामुखीजन्य बेट व त्यावरील वसाहत. क्षेत्रफळ सु. ९८ चौ. किमी.; लोकसंख्या सु. २४० (२०२३). केपटाउनपासून हे बेट सु. २,८०० किमी., तर सेंट हेलीनापासून सु. २,४०० किमी. दूर आहे. बेट जवळजवळ वर्तुळाकार असून त्याच्या मध्यभागी क्वीन मेरीज पीक (उंची सु. २,०६० मी.) हे ज्वालामुखी शिखर आहे. सभोवार उंच कडे असल्याने वसतियोग्य सपाटी फार थोडी आहे. वायव्य किनाऱ्यावरील अशाच एका अरुंद पट्टीवर एडिंबरो ऑफ द सेव्हन सीज हे बेटावरील एकमेव गाव वसले आहे.

पोर्तुगीज दर्यावर्दी त्रिस्ताँव दा कून्या यास १५०६ मध्ये हे बेट प्रथम दिसले व त्याच्याच नावाने ते ओळखले जाऊ लागले. १८११ च्या सुमारास अमेरिकेतील सेलम येथील जॉनथन लँबर्ट याने बेटावर आपला हक्क जाहीर केला. परंतु १८१२ मध्ये तो बुडून मरण पावला. सेंट हेलीना येथे बंदिवासात असलेल्या नेपोलियनच्या सुटकेसाठी या बेटाचा उपयोग होऊ नये, या हेतूने ब्रिटनने १८१६ मध्ये ते ताब्यात घेऊन तेथे सैन्याची तुकडी ठेवली. पुढील वर्षी ती परत बोलावण्यात आली, तेव्हा स्कॉटिश कॉर्पोरल विल्यम ग्लास हा आपल्या कुटुंबासह व सॅम्युएल बर्नेल आणि जॉन नॅनकिव्हेल या दोन गवंड्यांसह तेथेच राहिला. या तिघांनी ७ नोव्हेंबर १८१७ रोजी एक लेखी करार केला. गुरेढोरे व साठा सर्वांचा समाईक असावा, नफा व खर्च समप्रमाणात वाटून घ्यावेत आणि कोणीही इतरांपेक्षा श्रेष्ठ मानला जाऊ नये, अशी त्यातील प्रमुख कलमे होती. जमिनीची समाईक मालकी आणि गुरांच्या संख्येवरील मर्यादा या रूपांत ही समतेची परंपरा आजही टिकून आहे.

१८२७ मध्ये सेंट हेलीनाहून पाच स्त्रिया आल्या व वसाहतीस स्थैर्य लाभले. पुढे डच, अमेरिकन व इटालियन खलाशी, काही जहाज फुटल्यामुळे, येथे स्थायिक झाले. ग्रीन, हेगन, रेपेटो, लाव्हारेलो इ. आडनावे त्यांच्यापासूनच आली. तथापि बेटाचे जीवन जहाजांच्या ये-जा करण्यावर अवलंबून होते. १८५७ मध्ये ४५ रहिवासी केप वसाहतीत गेल्याने केवळ २८ जण उरले. १८८५ मध्ये एका जहाजाशी व्यापार करण्यासाठी नावेतून गेलेले १५ पुरुष बुडाले आणि अनेक घरांतील कर्ते पुरुष नाहीसे झाले. वाफेची जहाजे व सुएझचा मार्ग (१८६९) यांमुळे या भागातील वाहतूकही घटली होती. दुसऱ्या महायुद्धात येथे नाविक ठाणे स्थापन झाले आणि १९४९ पासून शेवंड्यांच्या मासेमारीने रोख उत्पन्नाचे साधन मिळाले.

ऑगस्ट १९६१ पासून भूकंपाचे धक्के बसू लागले. ऑक्टोबरमध्ये गावाच्या अगदी लगत जमीन फाटून ज्वालामुखीचा उद्रेक झाला. १० ऑक्टोबर रोजी सु. २६० रहिवाशांना मासेमारी जहाजांतून नाइटिंगेल बेटावर व तेथून केपटाउनमार्गे इंग्लंडला नेण्यात आले. तेथे त्यांना सरे परगण्यात व पुढे साउथॅम्प्टनजवळील कॅलशॉट येथे ठेवण्यात आले. रोजगार व आधुनिक सोयी मिळाल्या, तरी सर्दी व श्वसनरोगांनी ते त्रस्त झाले. काही वृद्धांचा मृत्यूही झाला. ते कायमचे इंग्लंडमध्येच राहतील, अशी अनेकांची समजूत होती. १९६२ मध्ये रॉयल सोसायटीच्या पथकाने बेटाची पाहणी केली, तेव्हा मासळीचा कारखाना व नावा लागण्याचे किनारे लाव्ह्याखाली गेले असले, तरी बहुतेक घरे शाबूत असल्याचे आढळले. त्याच वर्षी डिसेंबरात झालेल्या मतदानात १४८ जणांनी परतण्याच्या बाजूने व केवळ पाच जणांनी विरुद्ध कौल दिला. त्यानुसार १९६३ मध्ये बहुसंख्य रहिवासी परतले. मात्र काही कुटुंबे १९६६ मध्ये पुन्हा इंग्लंडला गेली. एका लहान समाजाने सुस्थितीतील परक्या देशापेक्षा खडतर मायभूमी पसंत केल्याचे हे उदाहरण लक्षणीय ठरले.

१९६७ मध्ये कॅलशॉट हे लहान बंदर बांधण्यात आले. बेटावर विमानतळ नसून केपटाउनहून येणाऱ्या जहाजांस सु. एक आठवडा लागतो. शेवंड्यांची निर्यात, बटाट्यांची शेती, पशुपालन व टपाल तिकिटांची विक्री हे उत्पन्नाचे मुख्य मार्ग आहेत. नोव्हेंबर २०२० मध्ये बेटाभोवतीच्या सागरी क्षेत्राचा फार मोठा भाग संरक्षित म्हणून जाहीर करण्यात आला.