काचेचे कोंदण : प्रकाशीय घटकांच्या आधाररचनेचा इतिहास, पुणे ते औंढा नागनाथ

प्रास्ताविक

विज्ञानाच्या इतिहासात आरसा घासणाऱ्याचे नाव राहते. तो आरसा ज्या कोंदणात बसविला गेला, त्या कोंदणाच्या कारागिराची नोंद क्वचितच होते. वस्तुतः भिंग, लोलक किंवा आरसा कितीही अचूक घडविला, तरी तो चुकीच्या रीतीने धरला गेल्यास ती अचूकता वाया जाते. काच हलू नये इतकी घट्ट धरावी, परंतु तिच्यावर ताण पडू नये इतकी सैलही ठेवावी, अशा दोन परस्परविरोधी मागण्या येथे एकत्र येतात. जालन्याहून परभणीमार्गे काही तासांच्या अंतरावर, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. तिच्यामुळे हा वरकरणी किरकोळ वाटणारा प्रश्न मराठवाड्याच्या दारात आला आहे. त्याची ऐतिहासिक पार्श्वभूमी प्रस्तुत लेखात मांडली आहे.

पुणे आणि हैदराबाद

महाराष्ट्रापुरता हा इतिहास पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेपासून सुरू करणे सयुक्तिक ठरेल. भावनगर संस्थानच्या देणगीतून साकारलेली ही वेधशाळा १८८८ मध्ये कार्यान्वित झाली. प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला हे तिचे प्रमुख होते आणि डब्लिन येथील ग्रब यांच्या कारखान्याची २० इंची परावर्ती दुर्बीण हे तिचे प्रमुख साधन होते. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी नायगमवाला उपकरणे घेऊन जेऊर येथे गेले. वेधशाळेतील दुर्बीण निदान एका जागी स्थिर असते. ग्रहण-मोहिमेतील लोलक आणि भिंगे मात्र रेल्वेने प्रवास करतात, तंबूत राहतात आणि पहाटेचा गारवा व दुपारचे ऊन एकाच दिवसात सोसतात.

या तापमानबदलाचा हिशेब उद्बोधक आहे. एक अंश सेल्सिअस फरकाने एक मीटर लांबीचे पितळ सुमारे १९ मायक्रोमीटर प्रसरण पावते, तर साधी काच सुमारे ९. म्हणजे २० इंच (सुमारे ५०८ मि.मी.) व्यासाची काच पितळी कड्यात अगदी तंतोतंत बसविली आणि तापमान २० अंशांनी उतरले, तर कडे काचेपेक्षा सुमारे ०.१ मि.मी. अधिक आकुंचन पावेल व काच दाबली जाईल. आरशाच्या पृष्ठभागातील सह्य दोष साधारणतः प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आठव्या भागाइतका, म्हणजे सुमारे ०.००००७ मि.मी. मानला जातो. कड्याचा सगळा दाब पृष्ठभागावर उमटत नाही, हे खरे. परंतु त्याचा हजारावा भाग उमटला तरी पुरे आहे.

जालना त्या काळी निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याची निजामिया वेधशाळा १९०१ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या १५ इंची अपवर्ती दुर्बिणीची उभारणी १९२२ मध्ये पूर्ण झाली. हीदेखील ग्रब यांचीच होती. अपवर्ती दुर्बिणीची अडचण वेगळी असते. भिंगातून प्रकाश आरपार जावा लागतो, त्यामुळे त्याला मागून टेकू देता येत नाही. ते केवळ कडेने धरावे लागते व मध्यभागी स्वतःच्या भाराने किंचित वाकते. भिंगे एका मर्यादेपलीकडे मोठी न होण्यामागे हे एक प्रमुख कारण होते. पुण्याची वेधशाळा मात्र १९१२ मध्ये नायगमवाला यांच्या निवृत्तीबरोबर बंद झाली व तिची साधने कोदईकनालला गेली. एका व्यक्तीवर उभी असलेली संस्था तिच्याबरोबरच मिटली. यंत्रापेक्षा यंत्र सांभाळणाऱ्या हातांची परंपरा आपल्याकडे अधिक लवकर तुटते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पकडण्याकडून तोलण्याकडे

आरशाला मागून आधार देता येतो, पण कोठे आणि किती? तीन बिंदूंवर ठेवलेली तबकडी स्थिर राहते; मात्र मोठी तबकडी त्या तीन बिंदूंच्या मधल्या भागात खचते. बिंदू वाढवावेत तर सर्वांवर सारखा भार पडेलच असे नाही. एखादा बिंदू केसभर उंच राहिला, तरी तोच काचेला टोचतो. यावरील तोडगा थॉमस ग्रब यांनी आर्मा वेधशाळेच्या १५ इंची दुर्बिणीसाठी १८३० च्या दशकात योजला. तराजूची दांडी जशी दोन पारड्यांतील भार आपोआप तोलते, तशाच झुलत्या तरफा व त्रिकोणी पट्ट्या त्यांनी एकावर एक रचल्या. परिणामी आधारबिंदू कितीही वाढले, तरी प्रत्येकाच्या वाट्याला ठरलेलाच भार येऊ लागला. लॉर्ड रॉस यांच्या १८४५ मधील ७२ इंची धातूच्या आरशाखालीही हेच तत्त्व होते. येथे आरसा पकडला जात नाही, तो तोलला जातो. या शाखेतील पुढील बहुतेक प्रगती याच एका विचाराचा विस्तार आहे.

पदार्थविज्ञानाने दोन साधने या कारागिरीच्या हाती दिली. डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१५ च्या सुमारास दाखवून दिले की, दाबलेल्या काचेत दुहेरी अपवर्तन उत्पन्न होते. परस्परांशी काटकोनात ठेवलेल्या दोन पोलरॉइडमध्ये कड्यासह भिंग धरले, की जेथे स्क्रू अधिक आवळला आहे तेथे प्रकाशाचे डाग दिसतात. हा प्रयोग कोणत्याही महाविद्यालयीन प्रयोगशाळेत दहा मिनिटांत होतो, तरी आपल्या प्रात्यक्षिकांत तो सहसा नसतो. दुसरे साधन म्हणजे शार्ल ग्यिओम यांनी १८९६ मध्ये शोधलेला इन्व्हार हा लोह-निकेलचा मिश्रधातू. त्याचे प्रसरण साध्या पोलादाच्या सुमारे दहाव्या भागाइतकेच असते.

टांगलेला आरसा

लायगोमध्ये हा विचार टोकाला पोहोचतो. तेथील लेसर किरण चार किलोमीटर लांबीच्या बाहूंतून आरशांदरम्यान ये-जा करतात आणि आरशांचे मोजावयाचे विचलन प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. सुरुवातीच्या यंत्रांत आरसे पोलादी तारेच्या फासात टांगलेले होते. परंतु तारेतील आणि तार जेथे काचेला घासते तेथील सूक्ष्म घर्षणामुळे रेणूंची उष्णताजन्य थरथर सर्व कंप्रतांवर पसरते व संकेत तीत बुडतो. यावर उपाय म्हणून सुधारित लायगोमध्ये वितळविलेल्या सिलिकाचा, ३४ सें.मी. व्यासाचा व ४० किलोग्रॅम वजनाचा आरसा त्याच पदार्थाच्या चार तंतूंवर टांगण्यात आला. आरशाच्या बाजूंना सिलिकाचेच छोटे ‘कान’ रासायनिक रीतीने जोडतात आणि तंतू त्यांना लेसरने वितळवून सांधतात. आरसा, कान व तंतू मिळून एकच काच होते. स्क्रू नाही, पट्टी नाही, डिंक नाही. १४ सप्टेंबर २०१५ रोजी नोंदविलेली पहिली गुरुत्वीय लहर याच रचनेने टिपली.

प्रत्येक तंतूची जाडी अवघी ०.४ मि.मी. आहे आणि तो सुमारे १० किलोग्रॅम भार पेलतो. हिशेब केल्यास हा ताण दर चौरस मि.मी.ला सुमारे ७८० न्यूटन येतो. बांधकामात सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘एफई ५००’ प्रतीच्या सळईसाठी हाच आकडा ५०० आहे. त्यापलीकडे सळई कायमची ताणली जाते. सळई उद्योगासाठी ख्यातनाम असलेल्या जालन्याच्या वाचकाला ही तुलना सहज पटेल. फरक इतकाच की, सळई तुटण्याआधी लांबते; काचेचा तंतू कोणतीही पूर्वसूचना देत नाही. त्याच्या पृष्ठभागावर पडलेला एखादा सूक्ष्म ओरखडा त्यासाठी पुरेसा असतो.

इटलीत पिसाजवळील व्हर्गो वेधशाळेला याचा प्रत्यय आला. तेथील सिलिकाचे तंतू वारंवार तुटू लागले. दोष तंतूंच्या घडणीत असावा अशी शंका प्रथम आली; प्रत्यक्षात निर्वात कक्षात हवा सोडताना आलेले धूलिकण तंतूंवर आदळत होते. परिणामी २०१७ च्या निरीक्षणसत्रात व्हर्गोला पोलादी तारांवर काम भागवावे लागले. निर्वात यंत्रणेत सुधारणा झाल्यानंतरच, २०१९ च्या सत्रात सिलिकाचे तंतू परत आले.

लायगो-इंडियाला केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मान्यता दिली. २०२४ मध्ये हिंगोली परिसराला ४.५ तीव्रतेच्या भूकंपाचे धक्के बसले, तेव्हा वेधशाळेच्या जागेची चर्चा पुन्हा झाली. अशा धक्क्यांपासून तंतूंना जपण्यासाठी आरशाभोवती चौकटी व अटकाव ठेवलेले असतात. धक्का बसलाच तर आरसा झुलून त्यांवर टेकतो. धुळीला मात्र असा अटकाव नाही. औंढ्याच्या परिसरात एप्रिल-मे महिन्यांत काळ्या मातीच्या वावटळी उठतात. त्यामुळे तेथे पहिला तंतू ओढला जाण्यापूर्वी स्वच्छ कक्ष उभे राहावे लागतील आणि त्यांत तासन्‌तास न थकता, न शिंकता काम करणारे तंत्रज्ञ घडवावे लागतील.