मोडाचे कडधान्य: फडक्यापासून फ्रीजपर्यंत

कळंब हे वसई तालुक्यातले, नालासोपाऱ्याच्या पश्चिमेचे समुद्रकाठचे गाव. कळंबसारख्या उत्तर कोकणातल्या गावांत भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल घेण्याची रीत जुनी आहे. उन्हात वाळवलेले वाल वर्षभर टिकत आणि पावसाळ्यात भाजीची चणचण भासली की कामी येत. मोड मात्र साठवले जात नसत. लागतील तेवढेच वाल रात्री भिजत घालायचे, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून सोलायचे आणि बिरडे शिजवायचे. मूग, मटकी लवकर मोडावतात; वालाला अधिक वेळ लागतो.

कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसते. ते मोड येताना तयार होते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील हिंदी सैनिकांत क जीवनसत्त्वाअभावी होणारी स्कर्व्ही पसरली. त्याच काळात लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम यांनी मोडाच्या कडधान्यातील स्कर्व्हीरोधक गुण दाखवून दिला.

गोदरेजने 1958 मध्ये भारतात फ्रीज बनवायला सुरुवात केली. पुढे घरोघरी फ्रीज आले, बाजारात तयार मोड मिळू लागले आणि ते टिकवण्याचा प्रश्न उभा राहिला. मोडांना लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते. हे जंतू बहुधा बियाण्यासोबतच येतात. जपानमधील साकाई येथे 1996 साली हजारो शाळकरी मुले आजारी पडली, तेव्हा संशय मुळ्याच्या कोंबांवर होता. जर्मनीत 2011 साली मेथीच्या मोडांशी जोडलेल्या साथीत 50हून अधिक माणसे दगावली. दोन्हीकडे कोंब कच्चे खाल्ले जात. उसळ आणि बिरडे नीट शिजत असल्याने कोकणी स्वयंपाकात हा धोका आपोआप कमी राहिला.

थंडीने जंतूंची वाढ मंदावते, ते मरत नाहीत; लिस्टेरिया हा जंतू तर फ्रीजमध्येही वाढतो. म्हणून तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने मोडांवर गॅमा किरणांचा मारा करून नंतर ते थंड ठेवण्याचे प्रयोग केले. घरी मोड पूर्ण निथळून, झाकणाच्या स्वच्छ डब्यात, 5 अंश सेल्सिअसच्या खाली ठेवावेत आणि दोन-तीन दिवसांत शिजवून संपवावेत. साठवणीत क जीवनसत्त्वही घटत जाते. बुळबुळीत झालेले किंवा आंबूस वास येणारे मोड टाकून द्यावेत.