अक्षरांवरून शब्द शोधताना

संगमेश्वर तालुक्याच्या देवरूखात आज एखादा विद्यार्थी ‘नाइफ’चा अर्थ बघायला इंग्रजी शब्दकोश उघडतो आणि ‘एन’ची पाने चाळत राहतो. शब्द असतो ‘के’मध्ये. ठरावीक अक्षरे असलेला शब्द हुडकण्याची ही सवय आपल्याकडे पाठांतरातून आली नाही, ती छापील कोशाने लावली, असे माझे मत आहे. अमरकोशात शब्द विषयवार वर्गांत बसवलेले आहेत. शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशाची रचनाही तशीच. ज्याला वर्ग ठाऊक, त्यालाच तिथे शब्द सापडणार. मोल्सवर्थ यांनी सुरू केलेला इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडी यांनी पुरा केला आणि तो 1847 मध्ये निघाला. त्यात अर्थाचा गंध नसलेल्यालाही, केवळ स्पेलिंगच्या बळावर, शब्दापर्यंत पोचता येऊ लागले.

यावर कोणी म्हणेल, मेदिनीकोशात शब्द शेवटच्या व्यंजनानुसार लावलेले आहेतच की! आक्षेप वजनदार आहे, कारण अक्षरावरून शब्द लावण्याची बुद्धी आपल्याकडे होती हे त्यातून दिसते. पण तो पद्यातला नानार्थकोश. तोंडपाठ करायचा, आणि संस्कृत जाणणाऱ्यासाठीच. शिवाय देवनागरीत ऐकलेला शब्द बहुधा तसाच लिहिला जातो. इंग्रजीत मुके ‘के’, मुके ‘पी’ आडवे येतात, म्हणून ‘साम’ हे स्तोत्र ‘पी’खाली शोधावे लागते. हे कसब कान देत नाही. ते पाने उलटूनच येते, आणि म्हणून गावच्या वाचनालयातला जाडजूड कोश मला फार मोलाचा वाटतो.