चढणीच्या माशांची वाट

मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की आमच्या बोईसर-पालघर भागात वलगणीची धांदल उडते. ओढे फुगतात, भाताची खाचरे भरतात आणि डबक्यांत दडलेले मासे वाहत्या पाण्याच्या उलट दिशेने वर चढू लागतात. हेच ते चढणीचे मासे. पाड्यावरचे वारली, गावातले कुणबी, आमच्या मोहल्ल्यातली पोरे, सगळे एकाच ओढ्यावर हजर असतात. माशाला अंडी घालायला वरचे उथळ पाणी हवे असते. काल जिथे कोरडा बांध होता तिथे आज पाणी आहे, म्हणून तो तिथे पोहोचतो. पाणी ओसरले की वाट बंद.

मी काही शास्त्रज्ञ नव्हे. बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण वलगणीकडे पाहताना एक गोष्ट मला नेहमी जाणवते. पक्षी उडून जातो, हरीण डोंगर ओलांडते, बी वाऱ्यावर जाते. नदीतल्या माशाला मात्र पाण्याला पाणी लागल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. म्हणून कुठला मासा कुठे सापडतो, हा जमिनीच्या इतिहासाचा एक पुरावाच असतो. कुठे कोणे एके काळी पाणी जुळले होते, हे तो सांगतो.

थंड मुलखात हा पुरावा फार स्पष्ट वाचता येतो. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी शेवटचे हिमयुग ऐन भरात होते. कॅनडा, स्कॅन्डिनेव्हिया बर्फाखाली गाडलेले होते. पुढे बर्फ वितळू लागले, त्याच्या कडेने प्रचंड सरोवरे तयार झाली, आणि दक्षिणेकडच्या नद्यांत तग धरून राहिलेले थंड पाण्याचे मासे त्या सरोवरांतून उत्तरेकडे सरकले. नंतर पाणी ओसरले, तळी एकमेकांपासून तुटली, मासे जिथल्या तिथे राहिले. आर्क्टिक चार नावाचा मासा उत्तर ध्रुवाजवळच्या पाण्याचा. पण तो आल्प्समधल्या आणि ब्रिटनमधल्या खोल, गार तळ्यांतही आढळतो. बर्फ गेले, तो मागे उरला. ही जणू त्या मुलखाची वलगणच.

आता आपल्याकडे या. सह्याद्रीवर हिमनद्या नव्हत्या. तरी आपल्या नद्यांतही असेच एक कोडे आहे.

कोड्याची सुरुवात पुण्याजवळ होते. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी दख्खनची माहिती गोळा करीत हिंडला आणि १८३९ मध्ये त्याने इथल्या माशांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. मला आवडते ते असे, की त्याने नावे इथल्याच माणसांच्या तोंडून घेतली. मुळा-मुठेतल्या महसीर माशाचे शास्त्रीय नाव आजही ‘टॉर खुद्री’ आहे. थोबाडावर खाच असलेल्या एका माशाचे नाव ‘नुक्टा’, म्हणजे आपला नकटा. शाळेची पायरी न चढलेल्या मराठी मासेमारांचे शब्द असे जगाच्या शास्त्रात जाऊन बसले.

पण या महसीरचे भाऊबंद कुठे आहेत? हिमालयाच्या पायथ्याच्या नद्यांत, आसामात, आणि त्यापुढे थेट मलायापर्यंत. काही छोट्या माशांची गोष्ट याहून नवलाची. खळाळत्या पाण्यात वाहून जाऊ नये म्हणून ‘ग्लिप्टोथोरॅक्स’ माशाच्या छातीवर कातडीच्या घड्यांची एक पकड असते, तिने तो दगडाला चिकटून राहतो. ‘बॅलिटोरा’ तर पसरट पानासारखा दगडावर पडून असतो. हे मासे ईशान्येकडच्या डोंगरात आहेत आणि सह्याद्रीतही आहेत. मधल्या गंगेच्या संथ, गढूळ मैदानात त्यांचा निभाव लागणे शक्य नाही. मग ते आले कसे?

या प्रश्नाने सुंदरलाल होरा यांना झपाटले. होरा १८९६ साली पंजाबातल्या हाफिजाबादला जन्मले, १९१९ मध्ये भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेत दाखल झाले, आणि पुढे तिचे संचालक झाले. डोंगरी ओढ्यांतल्या माशांवर त्यांनी आयुष्य वेचले. १९४०च्या दशकात त्यांनी मांडलेला विचार ‘सातपुडा सिद्धांत’ म्हणून ओळखला जातो. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: हिमयुगांच्या काळात हवा गार होती आणि विंध्य-सातपुड्यावर आजच्यापेक्षा जास्त खळाळते ओढे होते. आसामच्या बाजूचे मासे गारो आणि राजमहाल टेकड्यांमधली आजची खिंड ओलांडून छोटा नागपूरला आले, तिथून सातपुड्याच्या रांगेने पश्चिमेला आणि मग सह्याद्रीने दक्षिणेला उतरले. हवा तापली, ओढे आटले, मधली साखळी तुटली. दोन टोके उरली.

त्याआधी १८७९ मध्ये मेडलिकॉट आणि ब्लॅनफर्ड यांनी निलगिरीवरच्या हिमालयी वळणाच्या वनस्पती आणि प्राण्यांचा संबंध हिमयुगातल्या थंडीशी जोडलाच होता. होरांनी त्या विचाराला माशांची साक्ष आणि एक ठरावीक वाट दिली.

सिद्धांत देखणा आहे. पण शास्त्रात देखणेपणाला गुण नसतात. पुढच्या अभ्यासात दोन मोठ्या अडचणी दिसल्या. पहिली पावसाची. हिमयुगाच्या ऐन भरात आपला मान्सून दुबळा होता, तो जोर धरू लागला बर्फ वितळायला लागल्यावर. म्हणजे थंडी असताना पाणी कमी, आणि पाणी आले तेव्हा थंडी ओसरत चाललेली. दुसरी अडचण नात्याची. खळाळते पाणी कुठल्याही माशाला चपटाच करणार, मग दोन चपटे मासे भाऊच असतील असे कशावरून? के. प्रवीण कारंथ यांनी २००३ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये नेमका हाच आग्रह धरला, की आधी वंशवृक्ष तपासा, मग प्रवासाची गोष्ट सांगा.

याचे उत्तम उदाहरण केरळातले. पेरियार नदीच्या वरच्या भागात ‘लेपिडोपिगॉप्सिस’ नावाचा मासा १९४१ मध्ये नोंदला गेला. तो हिमालयातल्या बर्फाळ नद्यांच्या स्नो-ट्राउटसारखा दिसतो. हिमयुगात दक्षिणेत आलेला आणि अडकून पडलेला पाहुणा, असे त्याच्याकडे पाहिले गेले. पुढे डीएनए तपासल्यावर तो त्या कुळात बसेना. चेहरा मिळतो, रक्त मिळत नाही. काही माशांच्या ताटातुटी हिमयुगांच्याही आधीच्या, लाखो वर्षे जुन्या ठरत आहेत. म्हणजे सगळे मासे एकाच वाटेने, एकाच वेळी आले नाहीत. सातपुडा ही अनेक वाटांतली एक वाट.

आणखी एक वाट तर आमच्या दारातच असू शकेल. हिमयुगात एवढे पाणी बर्फात अडकले होते, की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. मुंबई हायचे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून दीडशेहून जास्त किलोमीटरवर आहे, आणि तिथे समुद्र सुमारे ७५ मीटर खोल आहे. म्हणजे त्या काळी ती जमीन होती. तारापूर-चिंचणीच्या वाळूवर उभे राहून पश्चिमेला पाहावे आणि समुद्राच्या जागी दूरवर सपाट मैदान कल्पावे. सूर्या आमच्या वैतरणेला मिळते. वैतरणा, दमणगंगा, तापी, नर्मदा या आज वेगवेगळ्या मुखांनी समुद्राला मिळणाऱ्या नद्या त्या मैदानात आणखी पुढे वाहत होत्या. अशा सपाटीवर शेजारच्या नद्या एकमेकींत मिसळणे सहज शक्य असते. दगडाला चिकटणाऱ्या माशाला ती वाट उपयोगाची नव्हती, पण पोहण्यात दांडग्या माशाला होती. बर्फ वितळले, समुद्र वर आला आणि तो रस्ता बुडाला.

हा सगळा जुना हिशोब आज कशाला मांडायचा? कारण माशांची वाट आता आपल्या हातात आली आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने पश्चिम घाटात गोड्या पाण्यातल्या माशांच्या २८८ जाती मोजल्या. त्यांतल्या ११८ जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. सूर्येवर धामणी आणि कवडास इथे बंधारे-धरणे आहेत. शहरांना पाणी हवे, शेतीला हवे, कारखान्यांना हवे, हे मी जाणतो. पण भिंतीपाशी चढण संपते, हेही खरे. हवा तापते आहे, तेव्हा गार पाण्याच्या माशाने वर सरकावे. पण उत्तर सह्याद्रीत सर्वांत उंच कळसूबाई, १,६४६ मीटर. ओढ्याच्या उगमापलीकडे माशाला वर जागा नाही.

दुसरीकडे आपण मासे उचलून भलतीकडे नेतो. लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात महसीरची पैदास झाली, ते काम मोलाचेच. पण खुद्री महसीरची पिल्ले कावेरीत सोडली गेली, आणि तिथला मूळचा वशिंडाचा महसीर मागे पडत गेला, असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. त्याला ‘टॉर रेमादेवी’ हे शास्त्रीय नाव आहे हे २०१८ मध्ये नक्की झाले, आणि तो आता अतिसंकटग्रस्त यादीत आहे. माशाला वाट देणे वेगळे आणि त्याला पिशवीत घालून नेणे वेगळे.

निसर्गाने जी माणसे-मासे एकमेकांजवळ आणली, त्यांना सोबत राहायला शिकायला हजारो वर्षे दिली. महाडजवळ काळ नदीच्या वाळणकोंडीत लोक महसीर धरत नाहीत, त्याला खायला घालतात. कुठल्या सर्वेक्षणाने सांगितले म्हणून नव्हे, तर डोहातला मासा देवीचा आहे या श्रद्धेने. प्रत्येक नदीचा एखादा डोह आणि पावसाळ्यातले पहिले काही दिवस माशासाठी सोडायला आपल्याला फार मोठा खर्च येणार नाही. एवढे केले तरी हिमयुगातून निभावून आलेला हा जीव आपल्यातूनही निभावून जाईल.