अंधेरीतला जॅक्सन आणि पहिल्या नंबरचा घोळ

1 नोव्हेंबर 1996 रोजी अंधेरीच्या क्रीडासंकुलात मायकेल जॅक्सनचा कार्यक्रम झाला. शिवसेनेच्या शिव उद्योग सेनेसाठी झालेल्या या कार्यक्रमाचा विषय निघाला, की गप्पा बाळासाहेब ठाकरेंच्या घरच्या, ‘मातोश्री’वरच्या भेटीकडे आणि विमानतळावर स्वागताला गेलेल्या सोनाली बेंद्रेकडे वळतात, गाणी बाजूलाच राहतात. त्यांच्याबद्दल कोणी बोललंच, तर प्रश्न ठरलेला असतो: त्याचं सर्वांत चांगलं गाणं कोणतं?   अवघड आहे ती क्रमवारी. ती गाण्याचा कस लावते असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात गाणं कुठल्या वाटेने आपल्यापर्यंत पोचलं, एवढंच ती सांगते.

यावर सरळ आक्षेप येईल, की आवडीनिवडी सोडा आणि आकडे बघा. बघू. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ‘बिली जीन’ सात आठवडे पहिलं होतं आणि ‘ब्लॅक ऑर व्हाइट’ही सातच, म्हणजे पहिल्याच पायरीवर बरोबरी. पॉल मॅकार्टनीबरोबरचं ‘से से से’ सहा आठवडे वर होतं, ते आज कुणाच्या यादीत असतं? उलट ‘थ्रिलर’ हे गाणं चौथ्या क्रमांकापुढे सरकलं नाही. ‘अर्थ साँग’ ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिलं राहिलं, तर अमेरिकेत ते स्वतंत्र रेकॉर्ड म्हणून निघालंच नाही. मग कुठल्या देशाचा आकडा धरायचा?

मुंबईच्या उपनगरांची वाट तर वेगळीच होती. घाटकोपर-मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत जॅक्सन कॅसेटवर ऐकला गेला, पण रुजला तो बघून: आधी व्हिडिओ कॅसेट, मग 1991 नंतर घराघरांत शिरलेलं केबल. शाळा-कॉलेजचं गॅदरिंग आणि गणेशोत्सवातली रेकॉर्ड डान्सची स्पर्धा ही त्याची इथली खरी व्यासपीठं. ज्यावर मूनवॉक करता येतो, ते गाणं अशा ठिकाणी आपोआप वर चढणार. ‘स्ट्रेंजर इन मॉस्को’सारखं, एकट्याने शब्द धरून ऐकायचं गाणं त्या यादीत मागेच पडणार, आणि माझ्या मते ते त्याच्या पहिल्या तिनात बसावं इतकं चांगलं आहे. त्याच्या मैफलीतल्या गाण्यांचा क्रम हीच त्याने स्वतः लावलेली प्रतवारी, असंही कोणी म्हणेल. ते पटत नाही. अंधेरीचा कार्यक्रम ज्या दौऱ्यातला, तो 7 सप्टेंबर 1996 ला प्रागमध्ये सुरू झालेला दौरा ‘हिस्टरी’ या संग्रहाच्या नावाचा होता. क्रम ठरवताना नव्या गाण्यांची विक्री, कपडेबदल आणि गायकाचा दम हे सगळं बघावं लागतं.

याचा अर्थ याद्या फेकून द्याव्यात असा नाही. हिंदी चित्रपटगीतांची क्रमवारी लावणारी बिनाका गीतमालाच घ्या. ती 1952 मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झाली. पुढे रेकॉर्डची विक्री आणि श्रोत्यांची पत्रं यांवरून तिथली पायदानं ठरत गेली. 1975 च्या वार्षिक यादीत पहिलं आलं ते ‘रोटी कपडा और मकान’मधलं महागाईवरचं गाणं. चालीच्या जोरावर ते तिथे पोचलं असं कोणी म्हणणार नाही, पण त्या वर्षीच्या रेशनच्या रांगा समजून घ्यायला ती यादी उत्तम पुरावा आहे. उपनगरातल्या रेकॉर्ड डान्सच्या स्पर्धांनी आपापल्या याद्या लिहून ठेवल्या असत्या, तर त्यांचंही मोल तेवढंच झालं असतं.

सरकारलाही अंधेरीच्या त्या एका संध्याकाळची प्रतवारी ठरवणं जड गेलं. तेव्हाच्या शिवसेना-भाजप युती सरकारने तिला करमणूक कर माफ केला, मुंबई ग्राहक पंचायत न्यायालयात गेली, 2011 मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द करून फेरविचार करायला सांगितलं, आणि 2021 च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने माफी पुन्हा मंजूर केली. तोवर जॅक्सनला जाऊन अकरा वर्षं झाली होती.