ठासणीची बंदूक आणि वसईचा उशिरा उडालेला सुरुंग

वसई किल्ल्यात गेलं की आपण चिमाजी अप्पांचा पुतळा बघतो, पडक्या चर्चमध्ये फोटो काढतो आणि घरी येतो. मला परवा तिथे भलताच प्रश्न पडला: शत्रूची गोळी लागायच्या आधी, नुसती तोफ भरतानाच माणूस कसा मरायचा?

त्या काळची तोफ काय, बंदूक काय, तोंडाकडून भरायची. आधी दारू, मग गोळा, आणि गजाने ठासायचं. म्हणून ठासणीची बंदूक. काळी दारू म्हणजे साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा, १० टक्के गंधक. ती पूर्ण जळून जात नाही बरं का. निम्म्याहून जास्त वजन राख-काजळी होऊन उरतं. बार झाल्यावर नळीत एखादी ठिणगी किंवा कापडाचा जळका तुकडा धुमसत राहिला आणि त्यावर पुढची दारू पडली, की बत्ती न लावताच बार! त्या क्षणी भरणारा तोंडाशीच उभा, हातात गज. हात तरी जायचे, नाहीतर जीव.

यावर उपाय होता. दर बारानंतर ओल्या बोळ्याने नळी पुसायची. शिवाय मागच्या भोकावर एकाने अंगठा घट्ट दाबून ठेवायचा, म्हणजे हवा आत जाऊन ठिणगी फुलत नाही. आता गंमत बघा, तोफ तापल्यावर चटका बसून अंगठा याने उचलायचा आणि मरायचा पुढचा. आमच्या सॉफ्टवेअरमध्येही चूक एकाची आणि रात्रीचा फोन दुसऱ्याला येतो, पण निदान हात शाबूत राहतात.

तोड्याच्या बंदुकीत तर जळती वात सतत जवळच. १६०७ साली हेगमध्ये छापलेल्या याकोब द हेनच्या कवायतीच्या चित्रांत शिपाई भरताना तोडा बंदुकीवरून काढून डाव्या हातात धरतो. सगळा खटाटोप ठिणगी आणि दारू लांब ठेवण्याचा.

सुरुंग म्हणजे तरी काय, भिंतीखाली ठासलेली दारूच. मे १७३९ मध्ये मराठ्यांनी वसईच्या रेमेदिओस बुरुजाखाली सुरुंग भरले. (आपल्या रमेदीचं नाव याच माउलीवरून.) काही वेळेवर उडाले, खिंडार पडलं, लोक आत घुसले, आणि मागे राहिलेला सुरुंग तेव्हा उडाला. आपलीच माणसं आपल्याच दारूने गेली. थोड्याच दिवसांत किल्ला पडला. विजयाच्या गोष्टीत हा सुरुंग आपण गाळतो, ते मला पटत नाही.

कोकणात पीकरक्षणासाठी परवान्याच्या ठासणीच्या बंदुका अजून आहेत. नळी भरलेली आहे का, हे बाहेरून कळत नाही. जुनी माणसं तोंडाच्या वाटेत न येता हलकेच गज आत सोडून बघतात. रिकाम्या नळीत जातो तेवढा आत गेला नाही, तर बंदूक भरलेली आहे.